कितवा डाऊन?

नानांच्या पँटच्या उजव्या खिशात पांढरा रुमाल असायचा आणि डाव्या खिशात पिवळा. पांढऱ्यानं ते घाम पुसत. पिवळ्यानं त्यांनी उभ्या आयुष्यात काही पुसलं नसेल. तो होता फेकायला. कोणी दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातलं, कोणी पानात वाढलेलं टाकलं, कोणी रांग मोडून श्रीखंडाच्या पातेल्याकडे सरकलं, की नानांचा हात डाव्या खिशात जायचा आणि पिवळा रुमाल भिरभिरत त्या माणसापुढे येऊन पडायचा. "फ्लॅग!" नाना ओरडायचे. मग गुन्हा जाहीर व्हायचा, शिक्षा जाहीर व्हायची आणि गुन्हेगारानं मुकाट्यानं आपली खुर्ची मागे न्यायची. किरकोळ चुकीला पाच यार्ड, बऱ्यापैकी लबाडीला दहा, आणि वागणूक अगदीच नीच असेल तर पंधरा. घर सिंगापूरचं, मरीन परेडच्या सरकारी इमारतीतलं. पंधरा यार्ड मागे जायचं म्हटलं तर माणूस दाराबाहेर लिफ्टपाशी पोचायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पंच असाच पिवळा रुमाल फेकतात, हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी तो नानांचा चाळा होता.

नाना म्हणजे अरविंद घैसास. मूळचे देवरुखचे. आखातातल्या तेलाच्या रिगवर टेक्सासच्या ड्रिलरांबरोबर त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि तिथे वाळू, ऊन आणि हा खेळ एवढंच त्यांच्या अंगात मुरलं. पुढे ते सिंगापूरला जुरोंगमधल्या एका अमेरिकन कंपनीत आले. रिगचे भाग बनवणारी कंपनी. तिथे ते प्लॅनिंगचे सीनियर आणि मी त्यांच्या हाताखाली. घैसास हे आडनाव अमेरिकन जिभेला झेपेना, म्हणून ऑफिसात ते गस झाले. त्यांना ते आवडायचं. फोन उचलून ते ज्या ऐटीत "गस हिअर" म्हणायचे, ती ऐट देवरुखला परवडली नसती.

मी मेधा, सांगलीची. नवरा प्रकाश बोटीवर सेकंड इंजिनियर, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यात. मी आणि आमची ऋचा सेरंगूनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. प्रकाशला समुद्राचा कंटाळा आला होता. आणखी एक-दोन फेऱ्या करायच्या, मग बोट सोडून सिंगापुरातच किनाऱ्यावरची नोकरी धरायची, असं आमचं ठरलं होतं. तोवर घर, ऋचाची शाळा, सगळं माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर उभं होतं. नोकरी गेली की पास गेला आणि पास गेला की बाडबिस्तरा गुंडाळायचा, हे तिथल्या प्रत्येक माणसाला झोपेतही माहीत असायचं.

आमचा मॅनेजर डेल, टेक्सासचा. उंच, लालबुंद, मनानं चांगला, पण त्याला फुटबॉलखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. अमेरिकेत रविवारचे सामने होतात तेव्हा सिंगापुरात सोमवार उजाडलेला असतो. त्यामुळे सोमवारची मीटिंग आणि सामन्यांचे निकाल हातात हात घालून यायचे. पहिला अर्धा तास डेल आणि नाना त्यावर तावातावानं बोलायचे, आणि उरलेल्या मीटिंगमध्ये कामाचं बोलणंही त्याच शब्दांत व्हायचं. आम्ही बाकीचे, म्हणजे चिनी, मलय, तमिळ आणि मी, लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखे कसनुसं हसत बसायचो.

मी रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. मीटिंगमध्ये एका क्रेनच्या ऑर्डरचा विषय निघाला. डेल म्हणाला, "लेट्स पंट ऑन दॅट वन." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पंट म्हणजे लाथेनं उडवणं, इतपत माझं इंग्रजी होतं. साहेब लाथ मार म्हणतोय म्हणजे काम एका फटक्यात हाणून काढ म्हणतोय, असा मी सांगलीच्या पद्धतीनं अर्थ लावला आणि जेवणाच्या सुट्टीआधी ऑर्डरचा फॅक्स पाठवून मोकळी झाले. डेलला म्हणायचं होतं की हा विषय आत्ता सोडून द्या, पुढचं पुढे बघू. आणि मी तर अख्खी क्रेन मागवून बसले होते.

हे कळलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी नानांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. नानांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कितवा डाऊन?"

"काय?"

"नोकरीतली पहिलीच चूक ना? म्हणजे पहिला डाऊन. अजून तीन आहेत. रडतेस काय?"

त्यांनी फोन फिरवला, पलीकडच्या माणसाच्या बायकोची, मुलांची, गुडघेदुखीची चौकशी केली आणि बोलता बोलता ऑर्डर रद्द करून घेतली. मग माझ्यादेखत डेलच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, चूक माझी, नव्या मुलीला मीच नीट सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शनिवारी दुपारी घरी ये. लेकीलाही आण. तुला खेळ शिकवला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी जहाज मागवशील."

तो शनिवार माझ्या डोळ्यांपुढे अजून जसाच्या तसा आहे. नानांच्या जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिकचं आच्छादन, त्यावर स्केचपेननं आखलेल्या रेघा. नानांच्या बायकोला, शैलावहिनींना, त्या रेघा बिलकूल पसंत नव्हत्या, पण त्यांनी हात टेकले होते. एका बाजूला अकरा शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला अकरा फुटाणे, आणि मधोमध एक खारीक. तिथला चेंडू दोन्हीकडे निमुळता असतो, म्हणून खारीक.

"हे बघ," नाना म्हणाले. "मैदान शंभर यार्डांचं. खारीक तुझ्याकडे. ती पलीकडच्या टोकाला नेलीस की टचडाऊन, सहा गुण. पण एका दमात कोणी नेऊ देत नाही. म्हणून चार संधी. एकेका संधीला म्हणायचं डाऊन. चार डाऊनमध्ये मिळून दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलीस की पाटी कोरी, पुन्हा चार डाऊन."

"आणि नाही सरकले तर?"

"तर खारीक आहे तिथल्या तिथे समोरच्याच्या ताब्यात. म्हणून शहाणा माणूस तीन डाऊन जिवापाड झटतो. चौथ्याला अंतर फार उरलं असेल तर खारीक लाथेनं लांब उडवून देतो. समोरच्याला मिळते ती, पण आपल्या दारापासून लांब मिळते. हा तुझा पंट."

"म्हणजे हार मानायची."

"हार कसली? आत्ता सोडायचं, पुढे वसूल करायचं. पण पंट चौथ्यालाच हं. पहिल्याच डाऊनला पंट करणारा शहाणा मी अजून पाहिलेला नाही."

मग त्यांनी पाच शेंगदाणे ओळीत मांडले. हे पाच जण अख्खा सामना समोरच्याला अडवायचे, धक्के खायचे, पण पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना परवानगीच नाही. मी विचारलं, "मग हे खेळतात कशाला?" नाना म्हणाले, "तू ऑफिसला कशाला येतेस?"

दर मिनिटाला खेळ थांबवून ही माणसं डोकी जुळवून काय कुजबुजतात, हेही मी विचारलं. त्याला हडल म्हणतात, नाना म्हणाले. पुढचा डाव तिथे ठरतो. "ह्या खेळात सगळं आधी ठरलेलं असतं, मेधा. आयत्या वेळी घडल्यासारखं फक्त दिसतं."

हे चालू असताना ऋचानं फुटाण्यांची अख्खी बचावफळी खाऊन टाकली. लगेच पिवळा रुमाल तिच्यापुढे पडला. पाच यार्ड. ती तेव्हा पहिलीत होती. खुर्ची ओढत ओढत तिनं विचारलं, "नाना, हाऊ मेनी मिनिट्स?"

"मिनिटं नसतात गं," नाना म्हणाले. "यार्ड असतात. मागे जायचं, बस्स."

चार-पाच शनिवारांत मी तयार झाले. फम्बल म्हणजे हातातून चेंडू निसटणं, सॅक म्हणजे चेंडू फेकणाऱ्यालाच फेकायच्या आधी लोळवणं, ब्लिट्झ म्हणजे बचाव सोडून त्याच्या अंगावर धावून जाणं. डेलला त्याचा भाऊ टेक्सासहून सामन्यांच्या टेपा पाठवायचा. त्यातली एक बघून एका सोमवारी मी त्याला म्हटलं, "थर्ड डाऊनला तुमच्या माणसानं चेंडू फेकायलाच नको होता." डेल माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "गस, तू काय केलंस हे!" नाना शिष्य पहिला आल्यासारखे फुलले होते. त्या दिवसापासून मीटिंगमध्ये मला माणसांत धरायला लागले.

"कितवा डाऊन?" हा नानांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न होता. कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची बस चुकली, कोणाचं लग्न मोडलं, नाना आधी विचारायचे कितवा डाऊन. आणि गंमत म्हणजे विचारलं की माणूस खरंच मनाशी मोजायला लागायचा. बहुतेक वेळा उत्तर दुसरा किंवा तिसरा असंच यायचं, आणि मन हलकं व्हायचं. बोटीवरून प्रकाशचा फोन आला नाही की मी स्वतःलाच विचारायची. मला ती सवयच लागून गेली होती.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा चिटणिसांचं भाषण आवरेना. आरतीची तबकं हातात धरून बायका उभ्या, मुलं मोदकांकडे डोळे लावून, आणि चिटणीस परदेशातील मराठी माणसाच्या अस्मितेवर. नानांनी मागच्या रांगेतून नेम धरला. रुमाल थेट माइकपाशी पडला. "डिले ऑफ गेम! पाच यार्ड!" खेळ लांबवला तर खरोखरच पाच यार्डांची शिक्षा असते. चिटणीस भडकले, पण सगळा हॉल हसायला लागल्यावर बिचारे पाच पावलं मागे सरकले. मागे सरकले म्हणजे माइकपासून लांब गेले, आणि आरती सुरू झाली.

नाना दुसऱ्यांवर फ्लॅग टाकत म्हणून लोकप्रिय होते असं मात्र नाही. ते स्वतःवरही टाकत, हे त्यांचं खरं मोठेपण होतं. एकदा एक ड्रॉइंग सापडेना म्हणून त्यांनी मिस लिम नावाच्या आमच्या क्लार्कला सगळ्यांसमोर झाडलं. ड्रॉइंग त्यांच्याच खणात निघालं. नाना उठले, पिवळा रुमाल स्वतःच्याच टेबलावर टाकला आणि मिस लिमसमोर उभे राहून म्हणाले, "पंधरा यार्ड. ॲक्सेप्ट ऑर डिक्लाइन?"

हा नियम आम्हांला नवा होता. फाऊल झाला की शिक्षा लागलीच असं नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना पंच विचारतात, शिक्षा घ्यायची का सोडून द्यायची. मिस लिम गोंधळून गेली. तिच्याकडून उत्तर येईपर्यंत नानांनी खुर्ची उचलली आणि पार फोटोकॉपी मशीनपाशी जाऊन बसले. तिथूनच त्यांनी काम सुरू केलं. मांडीवर फाइल, कानावर पेन्सिल. डेल आला, हसला, तरी हलले नाहीत. शेवटी तीनच्या सुमाराला मिस लिम वैतागून म्हणाली, "डिक्लाइन लाह, मिस्टर गस! यू ब्लॉकिंग माय मशीन!" तेव्हा कुठे ते जागेवर आले. रुमालाची चौपदरी घडी करून डाव्या खिशात ठेवली. नियम म्हणजे नियम. या माणसाच्या हातात मी माझं घरदार डोळे मिटून दिलं असतं. दिलंच.

ऋचाला कांजिण्या आल्या तेव्हा शैलावहिनींनी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं, म्हणजे माझी रजा वाचावी. नाना लिट्ल इंडियातून कडुलिंबाचा पाला घेऊन यायचे आणि रोज तिला विचारायचे, "आज कितवा डाऊन?" प्रकाशचं तोंड महिनोन् महिने दिसायचं नाही. अडीनडीला धावून जाण्यासारखं मला त्या गावात हे एकच दार होतं.

मग तेलाचे भाव कोसळले. रिगच्या ऑर्डरी आटल्या. हेड ऑफिसचा एक माणूस सूट घालून आला, दोन दिवस नुसता हिंडला आणि काही न बोलता परत गेला. थोड्या दिवसांनी बातमी फुटली की सिंगापुरात प्लॅनिंगची एकच जागा राहणार. आम्ही दोघं होतो.

त्या शनिवारी नानांनी मला बोलावलं. या वेळी टेबलावर दाणे-फुटाणे नव्हते. वहिनी देवळात गेल्या होत्या.

"मेधा, आपण मोजू," नाना म्हणाले आणि त्यांनी बोटं उघडली. "मोठी ऑर्डर गेली, एक. बोनस थांबला, दोन. सूटवाला येऊन गेला, तीन. हा चौथा डाऊन आहे. आणि अंतर फार आहे."

"मग?"

"मग पंट. डेलला गयावया करणारा माणूस आवडत नाही. तू आपण होऊन म्हण की मला इथली जागा नको, मी समोरच्या बाटाम बेटावरच्या आपल्या कारखान्यात, त्या यार्डात जाते. फेरीनं तासाभराचा प्रवास, कंपनी तीच, पास शाबूत. सहा महिने तिकडे काढ. ही खुर्ची तोवर मी धरून ठेवतो. वर्षभरात मी रिटायर होणारच आहे. मी उठलो की खुर्ची तुझी."

"डेल ऐकेल?"

"सोमवारी आधी तू बोल. पुढचं माझ्यावर सोड."

मी सोडलं. आयुष्यभर दुसऱ्याला कितवा डाऊन विचारणाऱ्या माणसानं त्या दिवशी मला तो प्रश्न विचारलाच नाही, उत्तरच हातात दिलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी तर उलट घरी येताना बसमध्ये देवाचे आभार मानत होते की परक्या मुलखात असं मोजून देणारं माणूस आपल्याला मिळालं.

सोमवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि डेलच्या भाषेत म्हणाले, "डेल, आय विल पंट." मग बाटामचं सांगितलं. डेलच्या भुवया वर गेल्या. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांकडे. म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." शब्द अचूक वापरल्याचा मला अभिमानसुद्धा वाटला, सांगायला लाज वाटते. नाना खाली मान घालून पिवळ्या रुमालाची घडी नीट करत होते. घडी आधीच नीट होती.

बाटामचा हुकूम काही येईना. महिना उलटला. नानांना विचारलं की ते म्हणायचे, कागद फिरताहेत. शेवटी एका सकाळी मी सरळ डेलच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, मी तिकडे कधी जायचं?

डेलनं मला बसायला सांगितलं. दार लावून घेतलं. "मेधा, बाटामचं यार्ड ख्रिसमसला बंद होतंय. तिथे नवीन माणूस कसा पाठवू?"

"हे कधी ठरलं?"

"ऑगस्टमध्येच. गसनंच तर ते शेड्यूल बनवलंय." त्यानं समोरचा कागद बाजूला सारला. "गस म्हणाला होता, तुला खरं म्हणजे घरी परत जायचंय, नवरा बोटीवर, मुलगी लहान, पण स्वतःहून सांगायला संकोच वाटतो. बाटामचं तू मान राखून बाहेर पडायला म्हणतेयस. म्हणून मी अडवलं नाही."

 

"हेड ऑफिसला तूच हवी होतीस," डेल म्हणाला. त्याचा लाल चेहरा आणखी लाल झाला होता. "मी त्या सोमवारी तेच सांगणार होतो. पण तू आधीच उभी राहिलीस. मला कळेना. तुझ्याकडे चारही डाऊन शिल्लक होते. पहिल्याच डाऊनला कोणी पंट करतं का?"

आता काही होणार नव्हतं का, तर नव्हतं. नानांचा तीन वर्षांचा नवा करार सही होऊन आला होता. माझा शेवटचा दिवसही ठरला होता. डेलला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्यानं पास मिळत नाही.

मी नानांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, त्या क्रेनच्या दिवशी उभी होते तिथेच. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांना कळलं.

मी विचारलं, "नाना, कितवा डाऊन होता?"

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझा पहिला. माझा चौथा."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू जागा सोडली असतीस?"

नसती सोडली. मी तसं तोंडावर म्हटलं. "नसती सोडली. आपण लढलो असतो. तुम्ही जिंकला असतात तर मी पेढे वाटले असते."

"सुहास टेक्सासला शिकतोय, मेधा. त्याची अजून तीन वर्षं आहेत. ह्या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?" आवाज अगदी बारीक होता. गस त्यात कुठेच नव्हता.

सुहास त्यांचा एकुलता एक मुलगा. मला त्यांची अडचण कळत होती, आणि कळून मला काडीचं बरं वाटत नव्हतं. दगा तर जगात कोणीही देतं. डेलनं दिला असता तर मी चार दिवस चरफडले असते आणि विसरले असते. नानांनी मला आधी खेळ शिकवला, बोटं धरून मोजायला शिकवलं, आणि मग मोजणी चुकवली. माझ्या मुलीच्या कांजिण्यांना पाला लावणारा तोच हात होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लागलं ते असं की आता हे कोणाकडे जाऊन सांगावं तर सांगायला नानाच हवे होते.

मी गावात कोणाला काही बोलले नाही. वहिनींना काय वाटेल, हा विचार आड यायचा. प्रकाशला बोटीवर फोन लावून एवढंच कळवलं की इथलं संपलं, आम्ही सांगलीला जातोय. फोनमध्ये खरखर होती. मग तो म्हणाला, "बरं. मग मी आणखी काही वर्षं करतो बोट." त्या 'बरं'साठी मी नानांना आजही माफ केलेलं नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी मंडळातल्या पाच-सहा घरांनी आम्हांला ईस्ट कोस्टला दुपारचं जेवण दिलं. समुद्राकाठी सुरूच्या झाडांखाली टेबलं, घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, मसालेभात, अळूवडी, शेजारच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून आणलेली शहाळी. समोर नांगर टाकलेल्या बोटींची रांग. नाना येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले. वहिनींनी माझ्यासाठी साडी आणली होती आणि ऋचासाठी फ्रॉक. नाना कोणाशी फारसं बोलले नाहीत. लोक म्हणाले, शिष्या चालली म्हणून मास्तर गप्प आहेत.

ताटं वाढून झाली. चिटणीस दोन शब्द बोलायला उठले, आणि सगळ्यांनी नेहमीच्या सवयीनं नानांकडे पाहिलं. नानांचा हात डाव्या खिशात गेला. हशा सुरूसुद्धा झाला. पण रुमाल चिटणिसांपुढे पडला नाही. नाना उठून टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी तो माझ्या ताटाशेजारी ठेवला. फेकला नाही, ठेवला.

"फाऊल माझ्यावर," ते म्हणाले. "पंधरा यार्ड. ॲक्सेप्ट की डिक्लाइन?"

सगळे हसत होते. कोणीतरी ओरडलं, "डिक्लाइन, डिक्लाइन! मास्तरांना जेवू दे!" नाना हसत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की त्यांना तो शब्द माझ्याकडून हवाय. मिस लिमनं दिला तसा, वैतागून का होईना. एक शब्द, की घडी करून खिशात.

मी म्हटलं, "ॲक्सेप्ट."

हसणं थोडा वेळ तसंच चालू राहिलं आणि मग आपोआप थांबलं. नानांनी मान हलवली. आपली घडीची खुर्ची एका हातात घेतली, ताट दुसऱ्या हातात, आणि पावलं मोजत निघाले. सुरूंची सावली आठ-दहा पावलांत संपली. ते पुढे गेले. पंधरा झाल्यावर भर उन्हात, वाळूच्या कडेला, त्यांनी खुर्ची मांडली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. चिटणीस म्हणाले, "अहो नाना, पुरे आता, या!" ते हलले नाहीत. आणखी दोघं-तिघं बोलावून थकले. शैलावहिनींनी बोलावलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आधीपासून माहीत होतं की त्याच क्षणी कळलं, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या पानात आणखी एक अळूवडी वाढली आणि हात तसाच माझ्या खांद्यावर ठेवला.

मी जेवले. मला वाटलं होतं बरं वाटेल, तसं काही वाटलं नाही. फार जवळचं वाटत होतं ते अंतर.

टॅक्सी आली तेव्हा सगळे आमच्याभोवती गोळा झाले. मिठ्या, पत्ते, रडारड. ऋचा माझा हात ओढून त्या उन्हातल्या खुर्चीकडे बघत होती.

"आई, नाना व्हाय सिटिंग देअर? हाऊ लाँग?"

"वेळ नसतो गं," मी म्हटलं. "यार्ड असतात."

टॅक्सी वळताना मी मागे पाहिलं. नानांनी पांढऱ्या रुमालानं मान पुसली. मग मान वर करून टेबलाकडे, माझ्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पिवळा रुमाल अजून तिथेच पडला होता.